कोंबडीला घर नको, डालगं हवं

परवा मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभी होते, तेवढ्यात तिघींनी पाठोपाठ एकच विचारलं : "तुझ्याकडे कोंबड्या आहेत ना गं? आम्हीपण घ्याव्या म्हणतोय." विचारणारच. बर्ड फ्लूच्या साथीमुळे २०२५च्या मार्चमध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला होता. त्यात २०२४मध्ये गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी सही केल्यावर ॲरिझोनात नवा कायदा आला आणि अर्ध्या एकराच्या आतल्या प्लॉटवर स्वतंत्र घर असेल, तरी परसात सहापर्यंत कोंबड्या ठेवायची मुभा मिळाली. (कोंबड्याला मात्र शहरं बंदी घालू शकतात, आणि तुमच्या कॉलनीला एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर तिचे नियम आधी वाचा.) वसंतात फीड स्टोअरमध्ये पिल्लांचे टब मांडले की त्यांच्याभोवती लहान मुलं हटत नाहीत. चार पिल्लं खोक्यात घालून घरी आणणं फार सोपं आहे.

रांगेत मला नीट सांगता आलं नाही. मागे लोक खोळंबले होते, आणि मला जे सांगायचं होतं ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितेय.

मी अकोल्याची. मे महिन्यात पंचेचाळीस-शेहेचाळीस अंश काही नवीन नाही मला. ॲरिझोनातल्या फिनिक्सला आलो तेव्हा सगळे घाबरवायचे आणि मी म्हणायची, ऊन मला शिकवू नका. सुरुवातीला सगळं ओळखीचंच वाटलं. इथल्या जुन्या घरांच्या छपरावर कूलर दिसतो, तो आपल्याच कूलरचा भाऊ. ओल्या पॅडमधून हवा खेचायची आणि गार करून आत सोडायची. जून कोरडा असतो तोवर तो झकास चालतो, जुलैत पावसाळी हवा आली की आपल्याकडे मृगानंतर होतं तसंच, घरभर नुसता चिकचिकाट. संत्र्या-पपनसाच्या झाडांच्या बुंध्यांना इथेही पांढरा रंग फासतात, उन्हानं साल भाजू नये म्हणून.

आणि पाणी! आमचं घर फिनिक्सच्या जुन्या भागात आहे, जिथे अजून पाटाचं पाणी येतं. सॉल्ट आणि व्हर्डी या नद्यांवरच्या धरणांतून ते कालव्यानं शहरात येतं. त्यातले काही कालवे होहोकाम या इथल्या प्राचीन लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी खणलेल्या कालव्यांच्या मार्गानंच जातात. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी आपली पाळी येते. वेळ ठरवून दिलेली असते, ती रात्री पावणेतीनचीही असू शकते. उठायचं, मागच्या कोपऱ्यातली झडप फिरवायची, आणि बांध घातलेल्या अंगणात घोट्याएवढं पाणी पसरताना बघत उभं राहायचं. पहिल्यांदा ते पाणी अंगणात शिरलं तेव्हा मला माझ्या आजोबांची पाळी आठवली, हातात कंदील आणि खांद्यावर फावडं. मी त्या चिखलात अनवाणी उभी राहिले होते. तेव्हाच ठरवलं, इथे कोंबड्या पाळायच्या.

तरी मी चुकले, आणि त्या चुकीत दोन कोंबड्या गेल्या.

पहिल्या चार कोंबड्या आम्ही २०२२च्या शरदात आणल्या. दोन बफ ऑर्पिंग्टन, एक लेगहॉर्न, एक काळी ऑस्ट्रालॉर्प. ऑर्पिंग्टन लेकीनं निवडल्या, सोनेरी, गुबगुबीत, पिसांनी भरलेल्या. तिनं त्यांची नावं ठेवली लाडू आणि शेवंती. लाडू तर मांडीवर येऊन बसायची. ही जात इंग्लंडच्या केंट परगण्यातली, थंडीत तगणारी. अंगावर जाड पिसारा, डोक्यावर बेताचा तुरा. थंड देशात हे गुण, इथे हेच ओझं. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती तुऱ्यातून आणि चोचीखालच्या लाल लोलकांतून बाहेर टाकते, तिथे रक्त कातडीच्या अगदी जवळून वाहतं. लेगहॉर्नचा तुरा मोठा, एका बाजूला कललेला असतो, तो दागिना म्हणून नाही. ती इटलीची, भूमध्यसागराकडच्या उन्हातली. मी हे तेव्हा वाचलं नव्हतं असं नाही. पण लेक लाडूला छातीशी धरून उभी होती, आणि मी वाचलेलं बाजूला ठेवलं.

खुराडं ऑनलाइन मागवलं. चित्रात फार गोड दिसत होतं. लाकडी भिंती, उतरतं छप्पर, छोटी खिडकी, लाल दार. आत अंडी घालायला दोन कप्पे. रात्री सरकदार लावलं की सगळं बंद. बंद हवंच होतं, कारण आमच्या मागच्या गल्लीतून पहाटे कोयोटी, म्हणजे कोल्ह्यासारखे इथले प्राणी, जातात आणि पलीकडच्या निलगिरीवर घुबड बसतं. हिवाळा मजेत गेला. इथला हिवाळा म्हणजे कोंबड्यांचा सुगीचा काळ. दिवस लहान असतात, पण ऊन कोवळं, गवत हिरवं. फेब्रुवारीपासून रोज तीन अंडी हमखास.

मग २०२३चा उन्हाळा आला.

३० जून ते ३० जुलै, सलग ३१ दिवस दुपारचा पारा रोज ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला. म्हणजे आपले ४३ अंश आणि त्याच्या वर. मी सगळं केलं. पहाटे पाचला खाणं दिलं आणि आठच्या आत उचललं, कारण पचनानंही अंगात उष्णता वाढते, दुपारी भरल्या पोटी कोंबडी जास्त तगमगते. बाटल्यांत पाणी गोठवून सावलीत ठेवल्या, त्यांना टेकून त्या बसायच्या. कलिंगडाच्या फोडी फ्रीजमधून काढून दिल्या. पपनसाच्या झाडाखाली सावलीचं कापड ताणलं. पाणी दर दोन तासांनी बदललं, कारण एकदा पाणी तापलं की त्या तोंड लावत नाहीत, तहानलेल्या असल्या तरी. (उन्हात पडलेल्या होजचं पहिलं पाणी हातावर घेऊ नका. खरंच भाजतं.)

एका दुपारी शेवंती झाडाखाली बसलेली दिसली. पंख अंगापासून सुटे धरलेले, चोच उघडी, गळ्याखालची कातडी धडधडत होती, इतकी भराभर की मोजता येईना. तुरा फिका पडला होता. मी तिला उचललं तेव्हा पिसांच्या आत माझा हात तव्याजवळ नेल्यासारखा तापला. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश असतं. बाहेरची हवा तिथवर पोचली की उष्णता टाकायला जागाच उरत नाही. उरतो तो फक्त श्वास. घसा ओला ठेवून धापा टाकत राहायचं आणि त्या ओलाव्याबरोबर जेवढी उष्णता जाईल तेवढी घालवायची. मी तिला बादलीत उभी केली, पाणी साधंच, बर्फाचं नाही. पोटापर्यंत बुडवून एका हातानं पोटाखालची पिसं बाजूला सारत राहिले, म्हणजे पाणी कातडीपर्यंत पोचेल. तळहाताखाली तिचं काळीज टकटक करत होतं. दहा-बारा मिनिटांनी तिनं मान वळवून माझ्या बोटातली अंगठी टोचली. मी तिथेच ओट्यावर बसले आणि रडले.

तिला वाचवलं म्हणून मला वाटलं, आता जमलं.

१९ जुलैला ११९ फॅरनहाइट झालं, ४८ अंशांच्या वर. त्या दिवशी पहाटेचं किमान तापमान ९७ होतं. किमान! अकोल्यात कितीही ऊन तापलं तरी अंधार पडल्यावर अंगणात पाणी शिंपडून खाट टाकली की तासाभरात जीव निवायचा. इथे शहराच्या मध्यभागी रस्ते, पार्किंग, भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ओकतात. त्या जुलैत ओळीनं सोळा दिवस फिनिक्सची रात्र नव्वदच्या खाली गेली नाही. मी दिवसाशी झगडत होते. रात्री आठला दार लावून, कोयोटीपासून कोंबड्या सांभाळल्या म्हणून निर्धास्त झोपत होते.

२० जुलैला पहाटे सरकदार वर केलं तर फक्त लेगहॉर्न उडी मारून बाहेर आली. तिच्यामागून काळी, लटपटत. लाडू आणि शेवंती दांडीखाली एकमेकींना लागून पडल्या होत्या. पंख अजून पसरलेले होते. मी हात आत घातला आणि लगेच काढून घेतला. उजाडायचं होतं, बाहेर त्यातल्या त्यात गारवा होता, आणि आतली हवा ओव्हनचं दार उघडल्यासारखी अंगावर आली.

लेकीला उठवायच्या आधी मी आईला फोन लावला. अकोल्यात तेव्हा संध्याकाळ होती. मी काय काय केलं होतं ते सगळं सांगितलं, बाटल्या, कलिंगड, कापड, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अन् रातीले कुठं ठुल्या होत्या?"

म्हटलं, खुराड्यात. लाकडाच्या.

"दार लावून?"

"हो."

"तुह्या आजीनं उन्हाळ्यात कधी कोंबड्या पेटीत कोंडल्या का वं? डालग्याखाली झाकत जाये. कोंबडीले घर नाई लागत माय, वारा लागते."

मी ते साफ विसरले होते. आजीचं खुराडं होतं, दगडामातीचं, गोठ्याला लागून, पण ते पावसाचं आणि थंडीचं. होळी झाली की कोंबड्या अंगणात यायच्या. बुरडाकडून विणून घेतलेली बांबूची मोठमोठी डालगी, उपडी घातलेली, वर पाटा नाहीतर दगड, मांजर-मुंगुसानं ढकलू नये म्हणून. तिथेच पलीकडे आमच्या खाटा. रात्री कुशीवर वळलं की डालग्याच्या फटींतून पिसं दिसायची, चांदण्यात करडी. वारा आमच्या अंगावरून जायचा तो त्यांच्याही अंगावरून जायचा. माझ्या आजीला ऊन कळत होतं असं मी नेहमी म्हणते. पण तिनं ऊन ओळखून काय केलं होतं, ते मी नीट पाहिलंच नव्हतं.

त्या रात्री मी रिकाम्या खुराड्यात थर्मामीटर टांगला, दार लावलं आणि अकराला जाऊन बघितलं. बाहेर १०१, आत १०७. हे कोंबड्या नसताना. चार कोंबड्या स्वतःची शेगडी घेऊन आत बसल्यावर काय होत असेल! मग ते लाल दाराचं खुराडं आम्ही मोडलं. फळ्या अजून गॅरेजमध्ये आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरत नाही.

उरलेल्या दोघी आठवडाभर रात्री आमच्या न्हाणीघरात झोपल्या, आणि नवऱ्यानं व मी मिळून शनिवार-रविवारी डालगं बांधलं. त्याला आम्ही डालगंच म्हणतो, आहे मात्र माणूस उभा राहील एवढं. आठ फूट बाय सहा फूट, चारी बाजूंनी फक्त जाळी. भिंत एकही नाही. जाळी अर्ध्या इंचाची, जाड तारेची. कोंबड्यांची म्हणून जी पातळ षट्कोनी जाळी मिळते ती घेऊ नका. ती कोंबडी आत ठेवते, कोयोटीला बाहेर ठेवत नाही, आणि तिच्या भोकांतून घुशी-उंदीर आरामात येतात. खाली जाळी दोन फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरली आणि वर माती-दगड घातले, उकरणाऱ्याला तिथेच अडायला. छप्पर दुहेरी. खाली पत्रा, त्याच्या वर सहा इंच सोडून सावलीचं कापड, म्हणजे ऊन पत्र्यापर्यंत येतच नाही आणि मधून वारा वाहतो. लांबी पूर्व-पश्चिम, पश्चिमेच्या बाजूला पपनसाचं झाड. दुपारी चारचं पश्चिमेचं ऊन इथे सगळ्यात वाईट, त्याला आडवं काहीतरी हवंच. बसायच्या दांड्या लांब ठेवल्या, दोघींत हातभर अंतर राहील इतक्या.

शेजारी मेक्सिकोतल्या सोनोराकडून आलेल्या एक आजी राहतात. त्या मला "मिहा" म्हणतात, म्हणजे पोरी. जाळी ठोकताना कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, आमच्या गावाला कोंबड्या मेस्किटच्या झाडावर झोपायच्या, खुराडं कुणाकडे नव्हतंच. मी विचारलं, घुबडं? त्या म्हणाल्या, हो, नेतात एखादी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मातीचं बिनझिलईचं पसरट भांडं आणून दिलं, पाण्यासाठी. आपल्या माठाचीच माती जणू. कोरड्या हवेत त्यातलं पाणी झिरपतं आणि गार राहतं. इतके दिवस मी प्लास्टिकच्या भांड्यात बर्फ टाकत होते आणि स्वयंपाकघरात माझा स्वतःचा माठ होता.

फवाऱ्याबद्दल सगळे विचारतात. बारीक तुषार सोडणाऱ्या नळ्या इथे हॉटेलांच्या अंगणातही असतात. मे-जूनमध्ये त्या कोंबड्यांना खरा आधार देतात, पाणी हवेतच उडून जातं आणि हवा पाच-दहा अंशांनी निवते. पण जुलैच्या मध्यानंतर आकाशात ढग आले, संध्याकाळी धुळीची भिंत येऊन गेली, हवा दमट झाली की तो फवारा बंद करा. तेव्हा पाणी उडत नाही, नुसती ओल चढते. कोंबडी श्वासातल्या ओलाव्यानंच तर उष्णता टाकते, आणि दमट हवा तो ओलावा घेत नाही. त्या दिवसांत पंखा. साधा पेडेस्टल पंखा, जाळीबाहेर. आणि पाटाच्या पाण्याची पाळी, ती कधीच वाईट नाही. दिवसा पाळी आली तर त्या पाण्यात घोटाभर उभ्या राहतात आणि वाहत आलेले किडे टिपतात.

अंड्यांचं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये अंडी विसरा. येतात ती पातळ कवचाची, एखादं हातातच फुटतं. सतत धापा टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि कवच बनतं ते कॅल्शियम कार्बोनेटचं, त्याला त्यातूनच माल लागतो. त्यात त्या खातातही कमी. शिंपल्यांचा चुरा वाटीत वेगळा ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाते. पण शिंपले दिले म्हणून ऑगस्टमध्ये जानेवारीसारखं अंडं मिळणार नाही. त्या दोन महिन्यांत कोंबडी अंडी देत नाही, जगते. तेवढं पुरे समजा. ज्यांना स्वस्त अंड्यांसाठी कोंबड्या घ्यायच्या आहेत, त्यांना माझा सल्ला आहे की घेऊ नका. जाळी, खाणं, पंख्याची वीज धरली तर माझं अंडं दुकानातल्या महाग अंड्यापेक्षाही महाग पडतं. मला ते परवडतं, कारण मला फक्त अंडी नको आहेत. आमच्या अंगणात विंचू निघतात, झाडाच्या सालीखाली राहणारे पिवळट, विषारी. कोंबड्या आल्यापासून मला ते क्वचितच दिसतात. पहाटे मी चहाचा कप घेऊन डालग्याचं दार उघडते तेव्हा त्या ओळीनं खाली उतरतात आणि पायाशी घुटमळत घशातल्या घशात बोलतात. तो आवाज मी तीस वर्षांपूर्वी आजीच्या अंगणात ऐकलेला आहे, तो जसाच्या तसा आहे.

लाडू-शेवंतीनंतर लेकीनं नवीन कोंबड्या निवडताना मला आधी विचारलं, "हिचा तुरा मोठा होईल ना?" आता आमच्याकडे ती लेगहॉर्न आहे, काळी आहे, एक इजिप्तची फायूमी, फार चपळ, हाताला लागत नाही, आणि एक उघड्या मानेची. तिच्या मानेवर पीसच नाही. पाहुण्यांना ती आजारी वाटते. तिच्या अंगावर एकूणच पिसं कमी, म्हणून उन्हात सगळ्यांत शेवटी धापा टाकते ती. लेक तिला मिठीत घेते. तिचं नाव तिनं राणी ठेवलंय.

२०२४चा उन्हाळा २०२३पेक्षाही तापला. मेच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलग ११३ दिवस दुपारचा पारा शंभर फॅरनहाइट किंवा त्याच्या वर. रोज रात्री झोपण्याआधी मी टॉर्च घेऊन डालग्यापाशी जायची. चौघी दांडीवर, अंतर ठेवून, पंख किंचित सुटे सोडलेल्या. जाळीतून वारा आला की पाठीवरची पिसं उलटी व्हायची आणि परत बसायची. सप्टेंबर संपला तेव्हा चौघी होत्या.

तर घ्यायच्या असतील तर पिल्लं आणण्याआधी एकदा आमच्याकडे या, संध्याकाळी, म्हणजे रात्रीचंही बघता येईल. मापं लिहून घ्या. अर्ध्या इंचाच्या जाळीचा अर्धा रोल गॅरेजमध्ये शिल्लक आहे, जी आधी येईल तिनं घेऊन जावा.